युद्धसहभागाची पदके आणि महाराष्ट्रातील रणभूमी : १८५१ च्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक :

लष्करी पदकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. एखाद्या सैनिकाने गाजविलेल्या विशिष्ट पराक्रमाबद्दल दिले जाते ते शौर्यपदक; आणि अमुक एका युद्धात तो प्रत्यक्ष हजर होता, एवढीच नोंद करणारे ते सहभागपदक. शौर्यपदकांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झालेले आहे. सहभागपदकांकडे मात्र नाणेसंग्राहकांचा आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांचा विषय म्हणूनच पाहिले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला खरे तर या दुसऱ्या वर्गात अधिक रस असावयास हवा. शौर्यपदक हे अपवादात्मक व्यक्तीची निवड करते. सहभागपदक देताना मात्र राज्यसत्तेला हजारो माणसांविषयी एकच प्रश्न सोडवावा लागतो : ‘लढला’ असे कोणाला म्हणावयाचे? या प्रश्नाचे उत्तर नियमात, धातूत आणि यादीत कायमचे नोंदले जाते, आणि म्हणून ते तपासता येते.

प्रस्तुत निबंधात ईस्ट इंडिया कंपनीने १८५१ साली मंजूर केलेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ या पदकाचा या दृष्टीने विचार केला आहे. या पदकाच्या फितीवर, ज्या लढाईबद्दल ते दिले तिचे नाव कोरलेली आडवी पट्टी लावली जात असे. लष्करी परिभाषेत तिला क्लॅस्प म्हणतात. अशा एकूण २१ पट्ट्या मंजूर झाल्या. नेपाळ, आवा (म्हणजे ब्रह्मदेश) आणि १८२६ चे भरतपूर या तीन वगळल्या, तर उरलेल्या १८ पट्ट्या शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले आणि पेशवे यांच्याविरुद्धच्या लढायांच्या आहेत. त्यांपैकी १० पट्ट्यांवर आजच्या महाराष्ट्रातील स्थळांची नावे आहेत. इंग्रज-मराठा युद्धे शिकविताना आपण तहांची कलमे आणि लढायांच्या तारखा विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. परंतु या लढायांत उभ्या असलेल्या सामान्य शिपायाला पुढे काय मिळाले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

पूर्वपीठिका : होन, वस्त्रे आणि बालपरवेशी :

‘पदक’ हा शब्द मराठीला नवा नाही. तथापि त्याचा जुना अर्थ गळ्यात घालावयाचा एक दागिना असा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या वधानंतर (१६५९) शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांचा जो गौरव केला, त्याचे वर्णन आले आहे. नामांकित लोकांना हत्ती, घोडे, कडी, तोडे, तुरे, पदके अशी बक्षिसे मिळाली. परंतु त्याच वर्णनातील दुसरा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांना सेवेत घेऊन चालविण्याची व्यवस्था झाली, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धे वेतन लावून दिले गेले, आणि जखमींना जखमेच्या मानाने २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम मिळाली. म्हणजे नामांकितांचा सन्मान अलंकाराने झाला आणि सामान्य माणसाची दखल त्याच्या कुटुंबाच्या उपजीविकेने घेतली गेली.

पेशवाईतही हीच रीत पुढे चालू राहिली. सरदारांना वस्त्रे, पालखीचा मान, सरंजाम. आणि लढाईत कामास आलेल्यांच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक वा इनाम. पेशवे दप्तरात बालपरवेशीच्या नोंदी आढळतात. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती दरबारी वजनावर आणि खजिन्याच्या स्थितीवर अवलंबून होती, आणि शिलेदार-बारगिरांच्या पलीकडच्या, सैन्याबरोबर चालणाऱ्या बुणग्यांपर्यंत ती कितपत पोहोचत असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. मात्र एक गोष्ट स्पष्ट आहे. लढाईत हजर असलेल्या प्रत्येकाला सरसकट द्यावयाचे, छातीवर लावावयाचे, एकसारखे चिन्ह ही कल्पना त्या व्यवस्थेत नव्हती. ती कल्पना येथे कंपनीबरोबर आली.

कंपनीची पहिली पदके :

युरोपातही ही कल्पना फार जुनी नव्हती. ब्रिटिश राजसत्तेने सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकच पदक दिले ते वॉटर्लूच्या १८१५ च्या लढाईनंतर. या पदकाच्या कडेवर प्रत्येक सैनिकाचे नाव यंत्राने ठसविलेले होते, आणि लढाईत पडलेल्यांच्या वारसांनाही ते मिळाले. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कंपनीने मात्र वॉटर्लूच्या ३० वर्षे आधीच आपल्या हिंदी शिपायांना पदके देण्यास प्रारंभ केला होता. यांतील पहिले पदक म्हणजे १७८४ चे ‘डेक्कन मेडल’. हे पदक ज्या मोहिमांबद्दल दिले गेले त्यांत पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा समावेश होतो. बंगालमधून जनरल गॉडर्डच्या हाताखाली जी फौज खुष्कीने मध्य हिंदुस्थान ओलांडून १७७९ च्या प्रारंभी सुरतेस पोहोचली, जिने पुढे अहमदाबाद आणि वसई घेतली आणि १७८१ मध्ये बोरघाटातून जिला माघार घ्यावी लागली, त्या फौजेतील हिंदी सैनिकांना हे पदक मिळाले. दक्षिणेत हैदरअलीविरुद्ध पाठविलेल्या बंगाली पलटणींनाही ते दिले गेले. पदकाच्या दर्शनी बाजूला ब्रिटानिया ही देवता किल्ल्याकडे हात करून बसलेली आहे, तर मागील बाजूला फार्सी मजकूर आहे. पदके सोन्याची व चांदीची होती आणि ती पिवळ्या दोरीने गळ्यात घातली जात. गळ्यातील ‘पदक’ या जुन्या अर्थाशी हे किती जवळचे आहे, हे सांगावयास नको.

या पदकाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, ते युरोपीयांसाठी नव्हतेच. ते केवळ हिंदी सैनिकांना देण्यात आले. दुसरी ही की, बंगालच्या लष्करात तेव्हा मुख्यतः अवध व बिहार या प्रांतांतील लोकांचा भरणा असे. म्हणजे मराठ्यांशी झालेल्या लढाईबद्दलचे हे पहिले सहभागपदक पुरभय्या शिपायांच्या गळ्यात पडले. कंपनी हे पदक कशासाठी देत होती, हे ओळखणे अवघड नाही. परमुलखात पाच-सहा वर्षे राबलेली फौज परत आली होती. पुढच्या वेळी अशाच लांबच्या मोहिमेला शिपायांनी निघावे, यासाठी परतलेल्यांचा सन्मान त्यांच्या गावच्या लोकांना दिसणे आवश्यक होते.

यानंतर १७९१-९२ च्या म्हैसूर मोहिमेचे पदक आले. त्याच्या दर्शनी बाजूला निशाण धरलेला शिपाई दाखविला आहे. हिंदी शिपायाची प्रतिमा पदकावर येण्याचे हे प्रारंभीचे उदाहरण होय. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या पाडावाबद्दल दिलेले पदक मात्र वेगळ्या कारणाने विचारात घ्यावे लागते. ते युरोपीय आणि हिंदी दोघांनाही मिळाले, पण पाच निरनिराळ्या धातूंत. वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना सोन्याचे, त्याखालच्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे, नंतर चांदीचे, नंतर कांस्याचे, आणि सर्वांत खालच्या पायरीवरील शिपायाला कथलाच्या मिश्रधातूचे. सिंहाने वाघाला खाली पाडल्याचे चित्र सगळ्यांवर सारखेच होते. लढाई एक, चित्र एक, आणि धातू मात्र हुद्द्याप्रमाणे. वॉटर्लूच्या पदकात जी समानता पुढे दिसते, तिचा येथे मागमूस नाही.

१८५१ चे पदक :

दुसरे इंग्रज-मराठा युद्ध १८०३ मध्ये सुरू झाले आणि तिसरे १८१८ मध्ये संपले. या दोन्ही युद्धांतील सामान्य सैनिकांना त्या वेळी कोणतेही सर्वसाधारण पदक मिळाले नाही. लुटीतील वाटा, ज्याला ‘प्राइज मनी’ म्हणत, तो हुद्द्यानुसार वाटला जाई. आणि १८१७-१८ च्या दख्खनच्या लुटीचा वाद तर इंग्लंडमध्ये पुढे अनेक वर्षे चालला. पदकाचा विषय १८४० नंतर पुन्हा निघाला, तोही हिंदुस्थानामुळे नव्हे. फ्रान्सविरुद्धच्या जुन्या युद्धांतील वृद्ध सैनिकांनी पदकाची मागणी लावून धरली होती. ड्यूक ऑफ रिचमंड या सरदाराने तिचा पाठपुरावा केला, आणि खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा विरोध असतानाही १८४७ मध्ये त्यांच्यासाठी पदक मंजूर झाले. मग हिंदुस्थानात लढलेल्यांनी काय केले होते? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १८५१ च्या मार्च महिन्यात ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर करण्यात आले. विरोध करणारा वेलिंग्टन हाच आर्थर वेलस्ली या नावाने १८०३ साली असई, अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजी फौजेचा सेनापती होता, हा योगायोग नमूद करावासा वाटतो.

पदक चांदीचे असून त्याची फीत फिकट निळ्या रंगाची आहे. मागील बाजूला बसलेली विजयदेवता, शेजारी ताडवर्गीय वृक्ष आणि ‘१७९९–१८२६’ ही वर्षे आहेत. वास्तविक पहिली पट्टी १८०३ ची आहे. १७९९ च्या श्रीरंगपट्टणाला स्वतंत्र पदक आधीच मिळालेले होते. दर्शनी बाजूला राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आहे. व्हिक्टोरियाचा जन्म मे १८१९ चा. खडकी, सीताबर्डी, कोरेगाव या लढाया झाल्या तेव्हा ती जन्मलीही नव्हती. ज्या कंपनी सरकारचे मीठ खाऊन शिपाई लढला, त्या सरकारऐवजी ज्या राणीच्या जन्मापूर्वी त्याने जखमा सोसल्या तिची प्रतिमा त्याला छातीवर लावावी लागली. सत्तेचे केंद्र कंपनीकडून राजसत्तेकडे सरकत असल्याची खूण १८५८ च्या जाहीरनाम्याच्या सात वर्षे आधीच येथे दिसते.

आता पट्ट्यांकडे वळू. १८०३ च्या पट्ट्यांपैकी असई (२३ सप्टेंबर), अडगाव (२९ नोव्हेंबर) आणि गाविलगड (१५ डिसेंबर) ही स्थळे अनुक्रमे आजच्या जालना, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत आहेत. अशीरगड मध्य प्रदेशात येतो. अलीगड, दिल्ली आणि लासवाडी या उत्तरेकडील लढायाही शिंद्यांच्या फौजेशीच झाल्या. १८०४ मधील दिल्लीचा बचाव होळकरांविरुद्ध होता, तर डीगची लढाई व डीगचा पाडाव या दोन पट्ट्या होळकर आणि भरतपूरचा राजा यांच्याविरुद्धच्या आहेत. १८१७ मध्ये खडकी (५ नोव्हेंबर) आणि पुणे या लढायांसाठी दोन पट्ट्या तर होत्याच, परंतु दोन्ही ठिकाणी हजर असलेल्यांसाठी ‘खडकी आणि पुणे’ अशी तिसरी संयुक्त पट्टीही होती. सीताबर्डी (२६-२७ नोव्हेंबर) आणि नागपूर (१६ डिसेंबर) यांचेही तसेच. त्यानंतर महिदपूर आणि १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव. इंग्रजी पट्ट्यांवर ही नावे ‘अस्साय’, ‘आरगॉम’, ‘किर्की’, ‘सीताबल्डी’, ‘कोरीगॉम’ अशा थाटाने अवतरतात. कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते चांदीत कोरले गेले, आणि ‘किर्की’ हे नाव तर पुढे छावणीच्या व रेल्वेच्या पाटीवरही दीर्घकाळ राहिले.

या यादीत जे नाही ते अधिक बोलके आहे. १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेची होळकरांसमोर जी दाणादाण उडाली, त्या माघारीची पट्टी नाही. १८०५ च्या प्रारंभी लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्यावर चार वेळा हल्ले चढविले आणि चारही फसले. त्यांत इंग्रजी फौजेची मोठी प्राणहानी झाली. तरी भरतपूरची पट्टी आहे ती १८२६ च्या यशस्वी वेढ्याची. १८०५ साली तटाखाली उभे राहून निभावलेल्या शिपायाला तिच्यावर हक्क नव्हता. एवढेच नव्हे, तर जिंकलेल्या सर्व लढायाही यादीत नाहीत. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेल्या अहमदनगरच्या किल्ल्याची पट्टी नाही. ज्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या प्रतिकाराचा कणा मोडला, त्या आष्टीच्या लढाईची (२० फेब्रुवारी १८१८) पट्टी नाही. कोणती चकमक ‘लढाई’ या नावास पात्र, हे लंडनमध्ये ठरत होते, तेही ती घडून गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी. प्रत्यक्ष संकटाची तीव्रता हा त्यासाठी एकमेव निकष नव्हता, असे या यादीवरून म्हणता येते.

हयात असल्याची अट :

यापेक्षाही मोठी चाळणी दुसरी होती. हे पदक केवळ हयात असलेल्यांना मिळावयाचे होते, आणि त्यासाठी ज्याने त्याने आपला दावा पुढे मांडावयाचा होता. वॉटर्लूच्या पदकात मृतांचे वारस पात्र होते, ते येथे नव्हते. या अटीचा अर्थ साध्या वजाबाकीने कळतो. असईच्या लढाईत २० वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये ६८ वर्षांचा झालेला असणार. कोरेगावात २० वर्षांचा असलेला ५३ वर्षांचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील साथी, दुष्काळ आणि छावणीतील जीवन लक्षात घेता इतकी वर्षे जगणे हेच अपवादात्मक होते. जे जगले त्यांपैकी किती जण पेन्शन घेऊन कोकणातील वा अवधातील आपल्या गावी गेले असतील, त्यांच्यापर्यंत पदकाची वार्ता कोणी पोहोचविली असेल, आणि निरक्षर माणसाने ‘मी तेथे होतो’ हे कोणत्या कागदाने सिद्ध करावयाचे, हे प्रश्न ओघाने येतात. युरोपीय सैनिकाच्या पाठीशी वर्तमानपत्र होते, जुने सहकारी होते, पलटणीचे दप्तर होते. हिंदी शिपायांच्या वाट्याला या पदकांपैकी तुलनेने फार थोडी पदके आली, याचे कारण येथे शोधावे लागते.

यात एक विलक्षण उलटापालट झालेली दिसते. १७८४ च्या पदकात केवळ हिंदी सैनिक होते. १८२४-२६ च्या ब्रह्मदेशाच्या युद्धाबद्दलही कंपनीने हिंदी फौजेला तत्काळ स्वतंत्र पदक दिले होते. ब्रिटिश सिंहासमोर गुडघे टेकलेला हत्ती त्यावर आहे. युरोपीयांना त्याच युद्धाबद्दल ‘आवा’ या पट्टीची १८५१ पर्यंत वाट पाहावी लागली. मराठ्यांविरुद्धच्या दोन निर्णायक युद्धांच्या बाबतीत मात्र हिंदी शिपायाला ना तत्काळ पदक मिळाले, ना नंतरच्या पदकाचा पुरेसा लाभ. कंपनीचे आजचे साम्राज्य ज्या लढायांनी उभे राहिले असे तिचे अधिकारी १८५१ मध्ये अभिमानाने सांगत, त्याच लढायांतील तिच्या बहुसंख्य सैनिकांची सहभागाची नोंद अशी निसटून गेली.

कोरेगाव : स्तंभ आणि पट्टी :

कोरेगावचे उदाहरण या दृष्टीने तपशिलाने पाहण्याजोगे आहे. शिरूरहून पुण्याकडे निघालेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेसमोर आली. तिच्यात मुंबई लष्कराच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे सुमारे ५०० शिपाई, पुणे घोडदळाचे सुमारे २५० स्वार आणि दोन तोफांसह मद्रास तोफखान्याचे थोडे युरोपीय गोलंदाज होते. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून लढाई झाली. या लढाईच्या निर्णयाविषयी व अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. आपला प्रश्न मर्यादित आहे : त्या दिवशी जे तेथे होते, त्यांची नोंद कोठे झाली?

पहिली नोंद दगडात झाली. १८२१ मध्ये पायाभरणी झालेल्या जयस्तंभावर लढाईत पडलेल्यांची नावे कोरली गेली. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची, २२ नावे आढळतात. शिवाय मराठा, राजपूत, मुसलमान आणि बेने इस्राएल समाजातील नावेही आहेत. दुसरी नोंद चांदीत झाली. ‘कोरीगॉम’ ही पट्टी १८५१ मध्ये जे हयात होते आणि ज्यांचा दावा मान्य झाला, त्यांना मिळाली. एकवीस पट्ट्यांतील ही दुर्मीळ पट्ट्यांपैकी एक मानली जाते.

हे दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून पाहिले असता त्यांच्यामधील पोकळी दिसू लागते. स्तंभावर मृतांची नावे आहेत. पदकाच्या यादीत दीर्घायुषी आहेत. परंतु जो शिपाई त्या दिवशी लढला, वाचला, पुढे दहा-वीस वर्षे चाकरी करून १८५१ पूर्वी कधीतरी आपल्या गावी मरण पावला, तो ना दगडावर आहे ना चांदीवर. पाचशेंच्या त्या बटालियनमध्ये बहुसंख्या अशांचीच असणार. पलटणीचा सन्मान झाला, तिला ग्रेनेडियर हा किताब मिळाला. परंतु पलटणीचा सन्मान म्हणजे शिपायाच्या घरातील पुरावा नव्हे.

आणि पुराव्याची गरज पुढे पडली. १८९२ च्या सुमारास लष्करात महारांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९० च्या दशकात, आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आपल्या पूर्वजांनी कंपनीच्या लष्करात बजावलेल्या सेवेचा दाखला ठळकपणे होता. ज्या समाजाकडे जमीन नव्हती, दप्तर नव्हते आणि बखरीत स्थान नव्हते, त्याला ‘आमचे वाडवडील लढले’ हे राज्यकर्त्यांच्याच नोंदींतून दाखवावे लागत होते. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाजवळ गेले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरील चिन्हात याच स्तंभाची आकृती होती. पट्टीचा उल्लेख या साऱ्यात सहसा येत नाही. स्तंभ सार्वजनिक होता, नावे वाचता येत होती. पदक खासगी होते, आणि ज्यांना ते मिळाले असेल त्यांच्या मागे ते टिकले असेलच असे नाही.

धातूंची उतरंड :

पुढील काळाचा आढावा थोडक्यात घेता येईल. १८४३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराच्या फौजेशी महाराजपूर आणि पनियार येथे एकाच दिवशी, २९ डिसेंबरला, लढाया झाल्या. त्याबद्दल दिलेला कांस्याचा तारा जिंकलेल्या मराठी तोफा वितळवून तयार केला होता. १८५७-५८ च्या उठावाबद्दलचे पदक प्रथम सैनिकांना मिळाले. झाशी, काल्पी व ग्वाल्हेर येथील सर ह्यू रोजच्या मोहिमेसाठी त्यावर ‘सेंट्रल इंडिया’ ही पट्टी होती. १८६८ मध्ये याच पदकाची व्याप्ती वाढवून ज्यांनी शस्त्र हाती धरले वा जे गोळीबाराखाली आले अशा बिगरलष्करी लोकांनाही ते देण्यात आले. सहभागाचा निकष लष्करातील नावनोंदणीवरून प्रत्यक्ष धोक्याकडे सरकल्याचे हे उदाहरण आहे. अर्थात हा उदारपणा कोणासाठी होता हे उघड आहे. त्याच रणभूमीवर राणी लक्ष्मीबाईंच्या आणि तात्या टोप्यांच्या बाजूने जे गोळीबाराखाली आले, त्यांची नोंद खटल्यांच्या कागदांत झाली.

१८८५ च्या ब्रह्मदेश मोहिमेपासून हिंदी अनुचरांनाही पदक मिळू लागले. पखालीतून पाणी वाहणारे भिस्ती, जखमींना उचलणारे डोलीवाले, खेचरे व उंट हाकणारे या सर्वांचा त्यात समावेश झाला. मात्र त्यांचे पदक कांस्याचे आणि सैनिकाचे चांदीचे. पहिल्या महायुद्धानंतर हाच भेद ब्रिटिश वॉर मेडलमध्येही कायम राहिला. चिनी, माल्टी आणि हिंदी श्रमिक दलांतील लोकांना ते कांस्याचे मिळाले. श्रीरंगपट्टणची पाच धातूंची उतरंड दोन धातूंवर आली होती, एवढाच फरक. डोलीवाला गोळीबारातच जखमींना उचलत होता, हे धातू ठरविणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानता येत नाही.

लढणारा कोण, हा प्रश्न केवळ वसाहतीच्या लष्करापुरता मर्यादित नाही. अमेरिकेने १९४३ मध्ये ‘कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ सुरू केला तो केवळ पायदळासाठी. रणभूमीवरील वैद्यकीय सहायकांसाठी १९४५ मध्ये वेगळा बॅज काढावा लागला. आणि इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत पुरवठ्याच्या गाड्या चालविणारेही हल्ल्यांना तोंड देऊ लागले, तेव्हा २००५ मध्ये अन्य शाखांसाठी ‘कॉम्बॅट ॲक्शन बॅज’ आला.

समर आणि रक्षा :

स्वातंत्र्यानंतर भारताने शौर्यपदकांबरोबर सहभागपदकांचीही स्वतंत्र परंपरा निर्माण केली. १९४७-४८ च्या संघर्षासाठी जनरल सर्व्हिस मेडलवर जम्मू-काश्मीरची पट्टी देण्यात आली. पट्टीची कल्पना जुनी, पण तिच्यावरील लिपी आता देवनागरी होती. १९६५ च्या युद्धानंतर मात्र एक नवा विचार दिसतो. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील सैनिकांसाठी समर सेवा तारा आणि अन्यत्र सेवेत असलेल्यांसाठी रक्षा पदक अशी दुहेरी व्यवस्था १९६७ मध्ये झाली. १९७१ च्या युद्धासाठी पूर्व आघाडीला पूर्वी तारा, पश्चिम आघाडीला पश्चिमी तारा आणि व्यापक सेवेसाठी संग्राम पदक. १९९९ च्या कारगिल युद्धासाठी ऑपरेशन विजय तारा आणि ऑपरेशन विजय पदक. येथे भेद उरला आहे तो सैनिक कोठे होता याचा. सेनापती आणि जवान यांचा तारा एकाच धातूचा आहे. श्रीरंगपट्टणच्या कथलापासून येथवरचे अंतर लहान नाही. ‘युद्धक्षेत्र’ म्हणजे नकाशावरील कोणती रेषा, हे तरीही कोणाला तरी ठरवावेच लागते. आणि रेषेच्या अलीकडे राहून दारूगोळा भरणाऱ्याच्या वाट्याला तारा येत नाही.

१८५१ च्या पदकाविषयी मात्र एक काम आपल्याकडे व्हावयाचे राहिले आहे. कंपनीच्या पदकांसंबंधीच्या याद्या लंडन येथील ब्रिटिश ग्रंथालयातील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यांतील हिंदी शिपायांची नावे इंग्रजी कारकुनांनी ऐकली तशी लिहिलेली असल्याने, ‘नाक’, ‘राव’, ‘जी’ असे प्रत्यय आणि कोकण व देशावरील नावांच्या धाटणी ठाऊक असलेल्या मराठी अभ्यासकालाच ती नीट लावता येतील. मुंबईच्या पुराभिलेखागारातील पेन्शन व लष्करी विभागाच्या कागदांशी आणि कोरेगावच्या स्तंभावरील नावांशी ती ताडून पाहता आली, तर १८०३ ते १८१८ या काळात मुंबई लष्करात कोणत्या तालुक्यांतील आणि कोणत्या समाजांतील माणसे होती, याचे आजवरपेक्षा अधिक नेमके चित्र उभे करता येईल. रत्नागिरी, रायगड, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम वाटून घेण्यासारखे आहे.